किडनीचा आजार आणि रोजचं जगणं: वही, अनुभव, प्रश्न

पाऊलवाट

नऊ वर्षांपूर्वी माझं क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी मंदावली की वाढतो) १.८ आलं. त्या रात्री मी पहाटेपर्यंत मोबाइल घेऊन बसले होते, आणि उजाडलं तेव्हा माझी पक्की समजूत झाली होती की वर्षभरात आपण डायलिसिसवर असणार. मी तेव्हा ४१ वर्षांची होते. आज पन्नाशीची आहे. क्रिएटिनिन २.२, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा, कमी होणं वाईट) ३६ वरून २७ वर आलाय, डायलिसिस अजून लागलेलं नाही. पुढे लागेलही. पण या नऊ वर्षांत मी नोकरी केली, मुलीचं शिक्षण पार पाडलं, आणि कितीतरी दिवस असे गेले की आजाराची आठवण फक्त गोळ्यांच्या डबीपुरती झाली.

धागा काढायचं कारण असं, की नव्याने निदान झालेल्या माणसाला 'काय खाऊ नये' याची यादी सगळे देतात. रोज काय बघत राहायचं, हे मात्र कुणी बसून सांगत नाही.

माझ्याकडे एक वही आहे. पाच रकाने आखलेत: तारीख, सकाळचं वजन, बीपी, पायावरची सूज, आणि 'आज वेगळं काय'. रक्त तपासलं की त्या तारखेला लाल शाईने क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, बायकार्बोनेट आणि लघवीतून जाणारं प्रथिन लिहिते. सूज बघायची पद्धत साधी आहे. संध्याकाळी मोजे काढले की नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते बघायचं.

'आज वेगळं काय' या रकान्याने मला एकदा मोठ्या संकटातून सोडवलं. पाचव्या वर्षी कंबर धरली होती. घरात होत्या म्हणून मी सहा दिवस डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेतल्या. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.९ वरून थेट २.९! माझा मूळ आजार आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे किडनीच्या गाळण्यांना सूज आणणारा आजार, बायोप्सीत कळलेला. तोच उसळला असं डॉक्टरांना वाटलं, स्टिरॉइडची बोलणी सुरू झाली. मी वही उघडून दाखवली. सहा दिवस ओळीने 'कंबर, दुखायची गोळी' असं लिहिलेलं होतं. गोळी बंद केली, तीन आठवड्यांनी आकडा २.० वर आला. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी माणसाला चार दिवस चालून जातं, आपल्याला चालेलच असं नाही. आता दुखलं तर मी पॅरासिटामॉल घेते, तेही डॉक्टरांना विचारून.

तुम्ही काय काय लिहून ठेवता? काय उशिरा कळलं? लिहा.

ओंजळ

ताई, धागा अगदी वेळेवर आला. बाबा ६६ वर्षांचे, मधुमेह १८ वर्षं. गेल्या आठवड्यात क्रिएटिनिन १.७, ईजीएफआर ४४. रिपोर्टवर 'स्टेज ३ बी' छापलंय. तेव्हापासून त्यांनी दूध, डाळ, फळं सगळं सोडलंय. सकाळी ताटासमोर नुसते बसून राहिले. नातेवाइकांपैकी एक जण म्हणतात रोज पाच लिटर पाणी प्या, दुसरे म्हणतात पाणी तोडा. स्टेज ३ म्हणजे दोन पायऱ्यांवर डायलिसिस का? मला रात्री झोप लागत नाही.

पाऊलवाट

ओंजळ, आधी श्वास घे. स्टेज म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत, सगळेच जण खालपर्यंत उतरत नाहीत. स्टेज ३ मधले कितीतरी जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

तीन गोष्टी विचारते. पहिली, हा एकच रिपोर्ट आहे का? किडनीचा आजार जुनाट म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो. जुने रिपोर्ट शोध, दोन-तीन वर्षांपूर्वीचे मिळाले तर सोन्याहून पिवळं. दुसरी, लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी झाली का? अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ती झाली नसेल तर अर्धंच चित्र दिसतंय. लघवीतून किती प्रथिन जातंय, यावर पुढचा वेग बराचसा ठरतो. तिसरी, बीपी घरी मोजता का?

आणि क्रिएटिनिन एकटं बघू नकोस. ते स्नायूंतून येतं. १.४ हाच आकडा २५ वर्षांच्या तरुणाला आला तर त्याचा ईजीएफआर साधारण ७१ येतो, आणि ७० वर्षांच्या बाईला आला तर ४० च्या आसपास. आकडा एकच, पण दोघांची तब्येत अगदी वेगळी.

ओंजळ

लघवीची तपासणी झालीच नव्हती! उद्या देऊ. जुने रिपोर्ट कपाटात शोधते.

मीठमोजणी

मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीच्या रुग्णांसोबतच काम करते. ओंजळ, बाबांना आज डाळ वाढ, कृपा करून. घाबरून जेवण सोडलेली माणसं मला रोज भेटतात. महिन्याभरात त्यांचं वजन उतरतं, स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसतं. घरच्यांना वाटतं पथ्य लागू पडलं. माझ्या कामातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच.

डायलिसिस नसताना प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. हे उपाशी राहणं नाही. प्रोटीन पावडर मात्र नको. डायलिसिस सुरू झालं की उलटं होतं, तिथे प्रथिन निघून जातं म्हणून १ ते १.२ ग्रॅम लागतं. वर्षानुवर्षं 'प्रथिन कमी' ऐकलेल्या माणसाला हे पटवायला मला फार वेळ लागतो.

पोटॅशियमचं पथ्य रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तरच. केळं, बटाटा, टोमॅटो ही नावं ऐकून सगळ्यांनीच फळंभाज्या सोडायच्या नाहीत. ज्यांना खरंच कमी करायचंय त्यांनी बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावं. नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकळल्याने पोटॅशियम बरंच जास्त निघतं.

मीठ मात्र सगळ्यांनीच मोजा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही धरायचं. एक धोका ठळक अक्षरात लिहिते: 'लो सोडियम' मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून मुलं प्रेमाने आणतात आणि आईबाबांचं पोटॅशियम सहाच्या वर जातं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असं नाही.

फॉस्फरसचंही तसंच. डाळी-कडधान्यातला फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषतं. पाकिटबंद मांस, प्रोसेस्ड चीज, गडद रंगाचं कोला यांत मिसळलेले फॉस्फेट जवळपास पूर्ण शोषले जातात. पाकिटामागच्या घटकांत 'फॉस्फेट' किंवा 'फॉस्फोरिक' दिसलं की पाकीट परत ठेवा. आणि कमरख, म्हणजे आडवं कापलं की चांदणीसारखं दिसणारं फळ, किडनीच्या रुग्णांनी एक फोडही खाऊ नये. त्यातलं द्रव्य किडनी बाहेर टाकू शकली नाही तर मेंदूवर परिणाम होतो. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, इथपर्यंत.

चार_तास

मी सहा वर्षं डायलिसिसवर. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास, नावावरून कळलंच असेल.

मला जे उशिरा कळलं ते लिहितो. माझी किडनी कमी होतेय हे चार वर्षं आधी माहीत होतं. त्या चार वर्षांत दर तपासणीला, दर सलाइनला डाव्या हाताच्या कोपरातली शीर वापरली गेली, कारण ती चांगली दिसायची. एका रुग्णालयात त्याच हातात आठवडाभर सुई राहिली, शीर सुजून दोरीसारखी कडक झाली. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर करायची शिरेची जोडणी) करायची वेळ आली तेव्हा सर्जन माझा हात उलटसुलट करून बघत राहिले आणि म्हणाले, "इथे काही उरलेलं नाही." मग घाईघाईत मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, त्याला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप, पुन्हा भरती. शेवटी उजव्या हाताला फिस्टुला झाला आणि मी उजव्या हाताचा माणूस आहे. सुया लावलेल्या असताना चार तास काही लिहिता येत नाही.

म्हणून सगळ्यांना सांगणं: ईजीएफआर खाली चाललाय हे कळल्या दिवसापासून दंडातल्या आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या शिरा जपा, विशेषतः ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या. रक्त पंजाच्या पाठीवरून घ्यायला सांगा. सुई थोडी जास्त दुखते, पण सोसा. फिस्टुला म्हणजे रोहिणी (धमनी) आणि शीर एकमेकींना जोडतात, मग शीर फुगून जाड व्हायला सहा-आठ आठवडे, कधी काही महिने लागतात. डायलिसिस लागल्यावर हे करायला वेळ नसतो.

माझ्या हाताला बोटं लावली की आत मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री दिवा घालवायच्या आधी ती बघतो. थरथर थांबली तर तास-दोन तासही वाट न बघता फोन करायचा. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, घट्ट घड्याळ नाही, उशाखाली घेऊन झोपणं नाही.

पाऊलवाट

चार_तास दादा, नऊ वर्षांत मला हे एकाही भेटीत कुणी सांगितलं नाही. आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

निसर्गवाट

सगळ्यांचा अनुभव मोठा आहे, पण मुळावर उपाय कुणी बोलत नाही. माझ्या मामांना एकाने वनस्पतींची पावडर दिली आहे, किडनी पूर्ववत होते म्हणतात. रासायनिक गोळ्यांपेक्षा हे सुरक्षित नाही का?

निळीशाई

निसर्गवाट, तुम्ही मामांच्या काळजीने विचारताय, म्हणून सविस्तर लिहिते. मी नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीविकारांच्या विभागात काम करते. इथे कुणाची औषधं बदलणार नाही, फक्त समजावून सांगते.

वनस्पती आहे म्हणून सुरक्षित, असं किडनीच्या बाबतीत धरून चालता येत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्या. त्यात ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीतलं आम्ल निघालं. त्यातल्या काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. मामांच्या पावडरीत ते आहे असं मी म्हणत नाही. पण आत काय आहे, किती आहे, जड धातू आहेत का, हे पुडीवर लिहिलेलं नसतं, आणि जे किडनीवाटे बाहेर पडायला हवं ते अशा रुग्णात साठत जातं. पुडी तशीच डॉक्टरांना नेऊन दाखवा. लपवू नका, रागवतील म्हणून तर मुळीच नको. व्रण पडून कडक झालेला किडनीचा भाग पूर्ववत करणारं औषध आज कुणाकडेच नाही.

वेग कमी करणारी औषधं मात्र आहेत, आणि आजच्याइतकी चांगली ती पूर्वी कधीच नव्हती. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या किडनीच्या गाळणीवरचा दाब उतरवतात आणि प्रथिन जाणं कमी करतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं. पहिल्या काही आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा चालवून घेतात, पोटॅशियमवर लक्ष ठेवतात. हे माहीत नसल्याने घाबरून गोळी परस्पर बंद केलेले रुग्ण पुष्कळ. दुसरी डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली. मुळात मधुमेहाची, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किडनीच्या सुमारे ४,३०० रुग्णांत, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या दोघांतही, उपयोगी ठरली. किडनीचं काम निम्म्याने घटणं, ती निकामी होणं, किंवा किडनीमुळे वा हृदयविकाराने मृत्यू, यांतलं काही ना काही औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीवर असलेल्यांपैकी १४.५ टक्क्यांना झालं, डापाग्लिफ्लोझिनवर ९.२ टक्क्यांना.

जुलाब-उलट्या, तापात पाणी न जाणं अशा दिवसांत यातल्या काही गोळ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी गोळी तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या थांबवायच्या, पुन्हा कधी सुरू करायच्या, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

ओंजळ, तुमच्यासाठी एक: किडनी इन्सुलिनही बाहेर टाकते. ती मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, साखर अचानक उतरू शकते. बाबा इन्सुलिन घेत असतील आणि घाम, थरथर, पहाटे गोंधळ असं काही झालं तर तेही वहीत यायला हवं.

निसर्गवाट

धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मामांना घेऊन पुडीसकट जातो.

रातपाळी

पाण्याबद्दल राहिलंय बहुतेक. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर येतं, बाकी परत शोषलं जातं. वरून दोन लिटर जास्त ओतल्याने किडनी 'धुतली' जात नाही. स्टेज ३ च्या ६३१ रुग्णांना घेऊन वर्षभर हे तपासलं होतं, निष्कर्ष २०१८ मध्ये आला. जास्त पाणी प्यायला लावलेल्या गटाची किडनी जास्त टिकली असं दिसलं नाही. मुतखडा होणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सूज किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी मोजून. बाकीच्यांनी तहानेप्रमाणे.

मी घरी पोटाचं डायलिसिस करते. रात्री मशीन लावते, झोपेत द्रव आत-बाहेर होतो, सकाळी नळी बंद करून कामावर. डायलिसिस म्हणजे फक्त सुया आणि खुर्ची असं समजू नका, डॉक्टरांना हाही पर्याय विचारा. जोडणीच्या आधी हात धुणं, मास्क, खिडकी-पंखा बंद, यात एक दिवसही सूट नाही. सकाळी पिशवीखाली छापील कागद धरते. अक्षरं वाचता आली तर द्रव स्वच्छ. धूसर दिसली की पोटाचा दाह समजून लगेच फोन. तीन वर्षांत एकदा धूसर दिसली होती, त्याच दुपारी अँटिबायोटिक सुरू झालं म्हणून निभावलं.

हातातहात

रुग्ण माझी बायको आहे. एक सांगावंसं वाटतं. पहिली दोन वर्षं मी तिच्या ताटावर पहारा ठेवला. हे नको, ते नको, किती मीठ घातलंस. एकदा ती ताट सरकवून म्हणाली, "तू माझा नवरा हो, इन्स्पेक्टर नको." फार लागलं, पण बरोबर होतं. आता घरात सगळ्यांचंच जेवण कमी मिठाचं होतं आणि जेवताना रिपोर्टचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. रोज संध्याकाळी अर्धा तास दोघं चालायला जातो, तिची दमछाक झाली की बाकावर बसतो. तो थकवा आळस नव्हता, हे हिमोग्लोबिन ८.२ आल्यावर मला समजलं.

निळीशाई

हातातहात, हे फार जणांच्या घरात होतं. रक्त तयार करायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं, ती मंदावली की रक्त कमी होतं. आधी लोह तपासतात, मग गरज असेल तर इंजेक्शन. खाज, रात्री पायांची चुळबुळ, तोंडाला धातूसारखी चव, उदासपणा, यांवरही उपाय आहेत. 'आता हे असंच' म्हणून गप्प बसू नका.

दुसरीडाव

बहिणीने किडनी दिली, चार वर्षं झाली. डायलिसिसची वाट न बघता आधीच प्रत्यारोपण होऊ शकतं, हे मला योगायोगाने कळलं. ईजीएफआर २० च्या खाली जायला लागला की हा विषय स्वतः काढा, दात्याच्या तपासण्यांनाच महिने जातात. १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते वाचून मला धीर आला होता. जुन्या किडन्या बहुतेकदा आतच ठेवतात, नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. प्रत्यारोपण म्हणजे सुटका असं मात्र धरू नका. सकाळी आठ, रात्री आठ गोळ्या, आयुष्यभर. ताप आला तर 'उद्या बघू' नाही. आणि हिपॅटायटिस बी वगैरे लसी आधीच घ्या, नंतर शरीर लसीला कमी दाद देतं आणि काही लसी देताच येत नाहीत.

ओंजळ

साडेतीन महिन्यांनी लिहितेय. लघवीतलं अल्ब्युमिन तेव्हा ४२० आलं होतं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन वाढवली, डापाग्लिफ्लोझिन सुरू केली. परवाचा रिपोर्ट: अल्ब्युमिन १९०, क्रिएटिनिन १.८, ईजीएफआर ४१. निळीशाई ताईंनी लिहिलं नसतं तर तो ४४ चा ४१ बघून मी पुन्हा रात्रभर जागले असते. कपाटात चार वर्षांपूर्वीचा रिपोर्टही सापडला, तेव्हा ४९ होता. बाबा डाळ खातात, सकाळी फळ खातात. पोटॅशियम ४.६ आहे. लो सोडियम मिठाचं पाकीट आमच्या ओट्यावरच होतं, मीच आणलेलं.

परवा रक्त घ्यायला आलेल्या मुलाने सवयीने डावी बाही वर केली. मी काही बोलायच्या आत बाबांनीच हात मागे घेतला आणि उजव्या पंजाची पाठ पुढे करून म्हणाले, "इथून घे, दुखलं तरी चालेल."

चार_तास

बाबांना माझा नमस्कार सांग.